निरोगी डुकरांचे रक्त गोठण्याचे मूळ आकडे: कामाच्या नोंदी

३ जून

पुढच्या टप्प्यात आम्हाला रक्तस्रावावर काम करायचे आहे. त्याआधी निरोगी डुकरात रक्त कसे गोठते याचे आमच्याच प्रयोगशाळेतले आकडे हवेत. दुसऱ्यांचे पी.टी. आणि ए.पी.टी.टी. (प्लाझ्मा गोठायला किती सेकंद लागतात ते सांगणाऱ्या दोन चाचण्या) उचलून चालत नाही, कारण रिएजंट, म्हणजे चाचणीचे रसायन, बदलला की सेकंद बदलतात, यंत्र बदलले की पुन्हा बदलतात. आणि आमच्या यंत्राच्या कागदावर जी 'नॉर्मल' मर्यादा छापून येते ती माणसाची आहे. माणसाच्या मानाने डुकराचे रक्त लवकर गोठते आणि गुठळी जास्त घट्ट होते. त्यामुळे पुढे एखाद्या जखमी डुकराचा ए.पी.टी.टी. माणसाच्या मर्यादेत नीट बसला तर यंत्र 'सर्व ठीक' म्हणेल, आणि प्रत्यक्षात तो त्या प्राण्याच्या मूळ आकड्यापेक्षा कितीतरी लांबलेला असेल. हा घोटाळा टाळण्यासाठीच हे सगळे काम आहे.

मोजायचे ते असे: पी.टी., ए.पी.टी.टी., थ्रॉम्बिन टाइम (थ्रॉम्बिन घातल्यावर प्लाझ्मा गोठायला लागणारा वेळ), क्लाउस पद्धतीने फायब्रिनोजेन (ज्याच्या तंतूंची गुठळी बनते ते प्रथिन), प्लेटलेट, हिमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा टक्का), आणि पूर्ण रक्तावर टेग (थ्रॉम्बोइलॅस्टोग्राफी, गुठळी कधी सुरू होते आणि किती घट्ट होते ते रेषेने दाखवणारी चाचणी). प्राणी ३५ ते ४५ किलोचे, माद्या आणि खच्ची नर मिळून. प्राणी प्रयोग नैतिकता समितीची परवानगी हातात आहे. या टप्प्यात कुठलाही प्राणी मारायचा नाही, फक्त रक्त घ्यायचे आहे. डुकरात किलोमागे साधारण ६५ मिलि रक्त असते, म्हणजे ४० किलोच्या प्राण्यात सुमारे २.६ लिटर. एका वेळी आम्ही टाकून द्यायच्या रक्तासकट २० मिलि घेणार, म्हणजे एक टक्काही नाही.

किती प्राणी घ्यायचे यावर बराच खल झाला. पशुवैद्यकीय निदानशास्त्राच्या अमेरिकी संस्थेची, एएसव्हीसीपीची, मार्गदर्शक तत्त्वे यात स्पष्ट आहेत. १२० प्राणी असले तर उत्तम, ४० असले तरी मर्यादा काढता येते, २० ते ४० मध्ये जपून काढावी, आणि २० च्या खाली मर्यादा काढूच नये, नुसते आकडे मांडावेत. आम्ही ४० हे किमान धरले. सहा-आठ डुकरांवरून 'नॉर्मल' ठरवलेले तक्ते बरेच पाहिले आहेत. त्यात आणखी एकाची भर घालायची नाही.

१० जून

प्राणी येऊन आठवडा होत आला. अजून एक थेंबही रक्त घेतलेले नाही, आणि तसेच ठरले होते. नवी जागा, नवा कळप, प्रवास, हे सगळे रक्तात दिसते. डुक्कर घाबरले की प्लीहा आकुंचन पावते आणि तिथे साठलेल्या तांबड्या पेशी आणि प्लेटलेट रक्तात येतात. ॲड्रेनलिनमुळे फॅक्टर आठ (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांपैकी एक) वाढतो आणि गुठळी विरघळवणारी यंत्रणाही चेतते. म्हणजे आपण जे मोजू पाहतो त्याच्या प्रत्येक बाजूला भीती हात घालते.

रोज दोन वेळा कप्प्यात जाऊन बसायचे, हातावरून खाऊ द्यायचा, मानेला आणि कानामागे हात लावायचा, एवढेच काम. प्राणिगृहातल्या सहकाऱ्यांनी यात जो जीव ओतला त्याची किंमत कुठल्याही किटपेक्षा मोठी आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून प्राणी आपणहून पुढे यायला लागले. हेच काम करणाऱ्यांना आग्रहाने सांगणे आहे की वेळापत्रकातून हा आठवडा कापू नका.

पुरवठादाराकडून मॅलिग्नंट हायपरथर्मियाच्या (वायुरूप भुलेने अंगाचे तापमान जीवघेणे चढवणाऱ्या आनुवंशिक दोषाच्या) जनुकाची, आर.वाय.आर.१ ची, तपासणी झालेलेच प्राणी घेतले. या टप्प्यात वायुरूप भूल नाही, पण पुढच्या टप्प्यात आयसोफ्लुरेन येणार आहे, आणि दोन्ही टप्प्यांत कळप एकाच वंशाचा ठेवायचा आहे.

१९ जून

पहिला गट. रात्रभर उपाशी ठेवले होते, पाणी चालू होते. उपास यासाठी की खाल्ल्यानंतर प्लाझ्मा दुधाळ होतो आणि प्रकाशाने गुठळी ओळखणारे यंत्र गोंधळते.

रक्त नेहमीच्या रिवाजाने घेतले, म्हणजे वरच्या जबड्यात फास अडकवून, प्राणी उभा ठेवून, मानेतून. आठवडाभराची ओळख त्या फासाने एका क्षणात पुसली. किंचाळणे, मागे ओढणे, सुई हलणे. काही प्राण्यांत शीर सापडायला दोन-तीनदा टोचावे लागले.

ए.पी.टी.टी. सगळीकडे विखुरलेला. एका प्राण्याचा इतका छोटा की यंत्राने खूण केली, शेजारच्याचा खूपच लांब. लाकडी काडी ट्यूबमध्ये फिरवून पाहिली तर लांब आलेल्या काही ट्यूबमध्ये तळाशी बारीक तंतूंची गुठळी सापडली. फायब्रिनोजेन ट्यूबमध्येच खर्च झाल्यावर उरलेल्या प्लाझ्माची चाचणी लांबणारच. छोटा आलेला नमुना बहुतेक उलट्या टप्प्यात पकडला गेला असावा, गोठण्याची साखळी सुरू झालेली पण गुठळी अजून न झालेली. टोचाटोचीत ऊतींतला टिश्यू फॅक्टर, म्हणजे गोठणे सुरू करणारे प्रथिन, सुईत येतो आणि सायट्रेटशी (ट्यूबमधल्या गोठणे थांबवणाऱ्या रसायनाशी) भेट होण्याआधीच काम सुरू करतो.

हिमॅटोक्रिटही ओरडून सांगत होता. जे जास्त झगडले त्यांचा वर, शांत राहिले त्यांचा खाली. पूर्ण गटाचे आकडे बाद केले. टेगचे कप एकदाच वापरायचे असतात, ते सगळे वाया. दिवस गेला तो वेगळाच.

२१ जून

फास बंद. पण पुढे काय, यावर दोन मते पडली. एक बाजू म्हणते, शामक औषध दिले की प्लीहा सैल पडते, हिमॅटोक्रिट उतरतो, मग ते 'नॉर्मल' कसले? दुसरी बाजू म्हणते, झगडणाऱ्या डुकराचे रक्त तरी नॉर्मल कुठे आहे?

माझे मत दुसऱ्या बाजूला आहे, आणि त्याचे कारण व्यावहारिक आहे. पुढचे सगळे प्रयोग भुलेखाली होणार. मूळ आकडे ज्या अवस्थेत घ्यायचे ती अवस्था पुढच्या प्रयोगाच्या आरंभासारखीच हवी, तरच दोन्हींची तुलना करता येईल. म्हणून केटामीन, मिडॅझोलॅम आणि ॲझापेरोन, मात्रा पशुवैद्यांनी ठरवलेली, कानामागे मानेच्या स्नायूत एकच टोचणी. मग अंधाऱ्या, शांत कप्प्यात १५ मिनिटे कुणीही जवळ जायचे नाही. या १५ मिनिटांत घाई केली तर औषध अर्धवट चढते आणि प्राणी टेबलावर जागा होतो.

ज्या थोड्या प्राण्यांना खाऊ चाटवत, जागेपणी, फासाविना कानाच्या शिरेतून रक्त देणे जमते त्यांचे जागेपणीचे नमुनेही घ्यायचे ठरले. ते वेगळ्या रकान्यात ठेवायचे, मुख्य आकड्यांत मिसळायचे नाहीत.

२६ जून

आज पहिल्यांदा आकडे एका पट्ट्यात आले. काय बदलले ते सविस्तर लिहिते, कारण सगळा फरक इथेच पडला.

प्राणी पाठीवर, व्हीच्या आकाराच्या पन्हळीत, पुढचे पाय मागे घेऊन, मान सरळ. पाठीखाली गरम गादी, कारण शामकाखाली डुक्कर भराभर थंड होते. सुई उजव्या बाजूनेच, कारण डाव्या बाजूला मज्जातंतूला आणि वक्षातल्या लसिकावाहिनीला इजा होण्याचा धोका जास्त. शीर हाताने अंदाजाने शोधायची नाही, सोनोग्राफीच्या प्रोबखाली बघायची. एकदा टोचून शीर मिळाली नाही तर त्या बाजूचा गोठण्याचा नमुना त्या दिवशी घ्यायचा नाही. हा नियम कडक वाटतो, आणि पहिल्या आठवड्यात त्याने नमुने गमावलेही, पण पट्टा त्यानेच आवळला.

सुई १८ गेजची, लांब. बारीक सुईतून जोराने ओढले तर पेशी फुटतात आणि प्लाझ्मा लालसर येतो. पहिले ५ मिलि टाकून द्यायचे, मग सायट्रेटच्या निळ्या टोपणाच्या ट्यूब, शेवटी ईडीटीएची (पेशी मोजण्यासाठीची, यातही गोठणे थांबवणारे रसायन असते). ईडीटीए आधी घेतली आणि तिचा अंश सायट्रेटमध्ये गेला तर कॅल्शियम आणखी बांधले जाते आणि चाचणी फुकट लांबते.

सायट्रेट ३.२ टक्के, एक भाग सायट्रेटला नऊ भाग रक्त. आमच्या ट्यूबमध्ये ०.३ मिलि सायट्रेट आहे, म्हणजे रक्त २.७ मिलि. खुणेच्या ९० टक्क्यांखाली भरलेली ट्यूब सरळ टाकायची. सुई शिरेच्या भिंतीला चिकटली की प्रवाह मंदावतो आणि ट्यूब अर्धी राहते, त्या वेळी 'चालेल' म्हणण्याचा मोह फार होतो. तिथे चालवून घेतले तर जादा सायट्रेट ए.पी.टी.टी. लांबवते, आणि तो फरक पुढे डुकराच्या नावावर जमा होतो. माणसात हिमॅटोक्रिट ५५ टक्क्यांच्या वर गेला की सायट्रेट कमी करावे लागते. या वयाच्या डुकरांत तो ३० च्या आसपासच फिरतो, त्यामुळे ती दुरुस्ती इथे लागत नाही.

ट्यूब हलवायची नाही, सावकाश उलटीसुलटी करायची, चार-पाच वेळा. बर्फात ठेवायची नाही. थंडीत प्लेटलेट आणि फॅक्टर सात चेततात. खोलीच्या तापमानाला, उभी.

२ जुलै

टेगचे अख्खे दुपारचे सत्र सरळ रेषांचे. आर टाइम (गुठळी सुरू होईपर्यंतचा वेळ) संपेचना, काही चॅनलवर गुठळी बनलीच नाही. सकाळच्या प्राण्यांत सगळे व्यवस्थित होते.

दुपारच्या गटात पुढच्या प्रशिक्षणासाठी मानेच्या शिरेत कॅथेटर बसवले होते, आणि रक्त त्यातूनच घेतले होते. कॅथेटर उघडे राहावे म्हणून ते हेपॅरिन (रक्त गोठू न देणारे औषध) घातलेल्या सलाइनने भरून ठेवायचा रिवाज आहे. मृत जागेच्या (कॅथेटरच्या पोकळीत मावते त्याच्या) सहापट रक्त आधी टाकून द्यावे असा नियम आहे, तो पाळला नव्हता.

शंका खरी करायला दोन गोष्टी केल्या. थ्रॉम्बिन टाइम लावला, तो प्रचंड लांब आला. तोच प्लाझ्मा रेप्टिलेजने तपासला, तो ठीक. रेप्टिलेज फायब्रिनोजेनला थेट कापतो, हेपॅरिनला जुमानत नाही, म्हणून दोन्हींतला असा फरक म्हणजे हेपॅरिनच. मग उरलेले रक्त हेपॅरिनेज (हेपॅरिन तोडणारे एन्झाइम) लावलेल्या कपात चालवले तर रेषा नेहमीसारखी फाकली. आता प्रश्नच उरला नाही.

बदल: मूळ आकड्यांसाठी कॅथेटरमधून नमुना नाही. इतर कामाच्या कॅथेटरमध्येही साधे सलाइन, हेपॅरिन प्राणिगृहाच्या त्या कपाटातूनच हलवले. ज्यांच्याकडे कॅथेटरशिवाय इलाज नाही त्यांनी प्रत्येक नमुन्यावर थ्रॉम्बिन टाइम लावावा. स्वस्त चाचणी आहे आणि दिवस वाचवते.

६ जुलै

यंत्राविषयी.

टेगच्या रेषांवर बारीक दाते येत होते. रिएजंट बदलून पाहिले, कप बदलून पाहिले. शेवटी तंत्रज्ञाच्या लक्षात आले की दाते सेंट्रिफ्यूज चालू असतानाच येतात. दोन्ही एकाच ओट्यावर होते. टेगचा कप पावणेपाच अंशांत पुढे-मागे फिरतो आणि त्यात लोंबणाऱ्या पिनवर गुठळीची ओढ मोजली जाते, तिथे ओट्याची थरथर लपणार नाही. टेग वेगळ्या जड टेबलावर नेले, बुडबुड्याने पातळी तपासली, आता रोज सकाळी पातळी आणि कंट्रोल (आकडा आधीच ठाऊक असलेला नमुना) झाल्याशिवाय प्राण्याला शामक द्यायचे नाही. क्रम हाच ठेवावा. यंत्र बिघडलेले निघाले तर निदान प्राण्याला टोचलेले तरी नसते.

पद्धत: सायट्रेटचे रक्त ३० मिनिटे स्थिर ठेवायचे, काओलिनच्या (गोठणे सुरू करणाऱ्या मातीच्या) कुपीत १ मिलि, पाच वेळा हळू उलटायचे, कपात आधी ०.२ मोलर कॅल्शियम क्लोराइड २० मायक्रोलिटर, त्यावर रक्त ३४० मायक्रोलिटर. ३० मिनिटे म्हणजे ३० मिनिटेच. ट्यूब जितकी थांबते तितकी साखळी आतल्या आत थोडी सरकते आणि आर बदलतो, म्हणून कधी २०, कधी ९० असे केले तर प्राण्या-प्राण्यांतला फरक की घड्याळाचा फरक हे कळणार नाही. दोन तासांच्या पुढे गेलेला नमुना बाद.

तापमानावरून अजून वाद चालू आहे. डुकराचे अंग ३९ अंशांच्या आसपास असते, यंत्र ३७ वर लावून येते. डुकराच्या दृष्टीने ३७ अंश म्हणजे थंडी, आणि थंडीत एन्झाइम मंदावतात. मला मनापासून ३९ वर मोजावेसे वाटते. पण सगळीकडचे छापील आकडे ३७ चे आहेत आणि तुलना तुटेल. मुख्य आकडे ३७ वर घ्यायचे, आणि जिथे चॅनल मोकळे असेल तिथे त्याच रक्ताचा दुसरा कप ३९ वर, असा तोडगा निघाला. कप दुप्पट लागतात, तरी करणार आहोत. अहवालात तापमान न लिहिणे मात्र कुणालाही माफ नाही.

१३ जुलै

प्लाझ्माच्या चाचण्या मार्गी. इथे सर्वात जास्त रिएजंट गेले.

ए.पी.टी.टी. माणसाच्या खालच्या टोकाच्याही खाली येतो. हे अपेक्षितच होते. माणसाच्या प्लाझ्माशी तुलना करून मोजले तर डुकरात फॅक्टर आठ, नऊ, अकरा, बारा यांची क्रिया बरीच जास्त दिसते, आणि ए.पी.टी.टी. याच बाजूची चाचणी आहे. अडचण यंत्राची झाली. कॅल्शियम घातल्यावर पहिले काही सेकंद ते वाचनच करत नाही, आणि त्याच्या जवळ पोचणाऱ्या नमुन्यांना चूक असल्याची खूण लावते. खूण म्हणजे नमुना वाईट, असे समजून तंत्रज्ञ तो पुन्हा लावत होते, आणि तोच आकडा पुन्हा येत होता. सेटिंगमध्ये वाचनाची सुरुवात अलीकडे ओढली, आणि असे सगळे नमुने यांत्रिक पद्धतीच्या यंत्रावर, जिथे पोलादी गोळीची हालचाल थांबल्यावर वेळ मोजली जाते, ताडून पाहिले. जुळले.

आय.एन.आर.चा रकाना बंद केला. तो वॉरफेरीन (रक्त पातळ ठेवणारे औषध) घेणाऱ्या माणसांसाठी बेतलेला हिशेब आहे, डुकराच्या पी.टी.ला त्यात बसवून काही अर्थ निघत नाही. पी.टी. सेकंदांतच लिहावा आणि सोबत थ्रॉम्बोप्लास्टिन (टिश्यू फॅक्टर असलेला पी.टी.चा रिएजंट) कुठले ते लिहावे, माणसाच्या प्रथिनापासून बनवलेले की सशाच्या मेंदूचे. टिश्यू फॅक्टरला प्राण्याची जात कळते. त्याच प्लाझ्माला वेगळा थ्रॉम्बोप्लास्टिन दिला तर सेकंद वेगळे.

मधेच ए.पी.टी.टी. रिएजंटचा लॉट (एका खेपेत बनलेला साठा) संपला आणि नव्या लॉटवर सगळे थोडे सरकले. यासाठी एक बचाव आधीच केलेला होता, तो उपयोगी पडला. पहिल्या चांगल्या गटाचा प्लाझ्मा एकत्र करून त्याचे छोटे भाग उणे ८० वर ठेवले आहेत. रोज त्यातला एक भाग वितळवून सगळ्यांच्या आधी लावतो. बाजारात मिळणारा माणसाचा कंट्रोल यंत्र ठीक आहे एवढेच सांगतो, डुकराच्या पट्ट्यात ते ठीक आहे का हे आपल्या डुकरांचा मिश्र प्लाझ्माच सांगतो. लॉट बदलल्यावर जुने साठवलेले नमुने नव्या लॉटवर पुन्हा लावले आणि शेवटी सगळा संच एकाच लॉटवर आणला. नव्याने सुरू करणाऱ्यांनी पूर्ण कामाला पुरेल इतका एकच लॉट आधी राखून ठेवावा.

२० जुलै

आजची नोंद मनाला लागलेली आहे.

एका मादीचा फायब्रिनोजेन बाकीच्यांच्या जवळजवळ दुप्पट, टेगचा एमएही (गुठळीची कमाल घट्टता) वर. सायट्रेट ठीक, ट्यूब ठीक, पुन्हा लावला तरी तोच. दिसायला ती कळपात सगळ्यांत चपळ, खाणे उत्तम, ताप नाही. पशुवैद्यांनी तिला पुन्हा टेबलावर घेऊन बोटाने इंच-इंच तपासले तेव्हा शेपटीच्या मुळाशी, केसांखाली, गाठ लागली. कुणीतरी चावले होते आणि आत पू साठला होता. फायब्रिनोजेन हे दाहात वाढणारे प्रथिन आहे, रक्ताने ते आमच्या आधी ओळखले. गळू काढले, औषध सुरू केले, ती बरी होते आहे. तिचे आकडे मूळ संचातून वगळले, कारणासकट नोंदवून.

यानंतर 'निरोगी' या शब्दाखाली एक यादीच लिहून काढली. तापमान, चाल, खुरे, शेपूट, कान, त्वचा, पांढऱ्या पेशी, आणि आठवडाभरात कुठलीही लस किंवा इंजेक्शन नाही. ही तपासणी रक्त घेण्याआधी होते, आकडे कळण्याआधी. नंतर केली तर विचित्र आकड्याच्या प्राण्यातच दोष शोधला जातो आणि सरळ आकड्याच्या प्राण्याची शेपूट कुणी उचलून पाहत नाही.

जाता जाता, डी-डायमरचे (गुठळी विरघळल्यावर उरणाऱ्या तुकड्यांचे) माणसासाठीचे किट सोडून दिले. मुद्दाम गुठळी बनवून ती विरघळवलेल्या प्लाझ्मातही त्याने काही दाखवले नाही. अँटिबॉडीवर चालणारी कुठलीही चाचणी डुकराच्या प्रथिनाला ओळखते का, हे असे आधी पाहिल्याशिवाय तिचा 'शून्य' खरा मानू नये. क्लाउस पद्धतीला ही अडचण नाही, कारण तिथे थ्रॉम्बिन घालून प्रत्यक्ष गुठळी होण्याचा वेळ मोजतो. तरी तिचे प्रमाणक माणसाच्या प्लाझ्माचे आहे, तेवढे तक्त्याखाली लिहावे.

२५ जुलै

प्लेटलेट. दोन प्राण्यांत संख्या अचानक निम्मी. काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर कडेला प्लेटलेटचे पुंजके. यंत्राने पुंजक्यांना प्लेटलेट मानलेच नव्हते. आता प्रत्येक मोजणीसोबत एक काच बघायची, पुंजके दिसले तर संख्या लिहायची नाही. डुकराच्या तांबड्या पेशी माणसाच्यापेक्षा बऱ्याच लहान असतात, म्हणून मोजणीयंत्रही डुकराच्या सेटिंगवर हवे. माणसाच्या सेटिंगवर लहान पेशी आणि मोठ्या प्लेटलेट यांच्यातली सीमा चुकीच्या जागी पडते.

गोठवण. १५०० जी वर १५ मिनिटे, वरचा प्लाझ्मा काढून पुन्हा एकदा तेवढेच फिरवायचे, तळाचा थर तसाच सोडायचा. प्लेटलेट राहिल्या तर गोठवताना फुटतात आणि त्यांचा मेद ए.पी.टी.टी. आखडवतो. वितळवणे ३७ अंशांच्या पाण्यात, एका दमात. एकदा ट्यूब फ्रिजमध्ये ठेवून हळूहळू वितळवल्या होत्या, त्यात पांढरा साका खाली बसला. फायब्रिनोजेन, फॅक्टर आठ, व्हॉन विलब्रँड फॅक्टर, सगळे त्या साक्यात अडकते. ते नमुने बाद.

३ ऑगस्ट

प्राणी पूर्ण झाले. आता आकडे.

सरासरीला दोन प्रमाण विचलने अधिक-उणे करून मर्यादा काढण्याची सवय सोडावी लागली. टेगचा आर उजवीकडे शेपूट सोडतो, त्याला ही रीत लावली तर खालची मर्यादा इतकी खाली जाते की तिथे एकही डुक्कर नाही. पी.टी. आणि फायब्रिनोजेन बऱ्यापैकी सममित आहेत, तिथे ती चालली. बाकीच्यांसाठी क्रमाने लावून २.५ आणि ९७.५ शतमानाची मर्यादा, आणि प्रत्येक मर्यादेभोवती तिची ९० टक्के विश्वासमर्यादा. ४० च्या घरात प्राणी असताना ही विश्वासमर्यादा रुंद येते. रुंद आली म्हणून ती लपवायची नाही, वाचणाऱ्याला आमच्या आकड्यावर किती भार टाकावा ते त्यातूनच कळते.

टोकाच्या आकड्यांवरून सर्वांत लांब बैठक झाली. ट्युकीच्या पद्धतीने काही आकडे बाहेरचे ठरले. माझा आग्रह असा की संख्याशास्त्राने बोट दाखवले म्हणून प्राणी काढायचा नाही. ट्यूब कमी भरली, पुंजके होते, दुसऱ्यांदा टोचले, गळू होते, असे वहीत आधीच लिहिलेले कारण सापडले तरच काढायचा. एका खच्ची नराचा आर बराच लांब आहे आणि त्याच्या पानावर काहीच खोट नाही. तो आत राहिला. निरोगी डुक्कर असेही असते.

काही प्राण्यांकडून दोनदा रक्त घेतले आहे. एका प्राण्याचे दोन आकडे दोन प्राणी म्हणून धरता येत नाहीत, म्हणून मर्यादेसाठी पहिलाच नमुना. दुसऱ्या नमुन्याचा उपयोग वेगळा झाला. त्याच प्राण्यात दिवसागणिक किती हलते ते कळले, आणि ते प्राण्या-प्राण्यांतल्या फरकापेक्षा बरेच कमी आहे. म्हणून पुढच्या प्रयोगात प्रत्येक प्राण्याची तुलना आधी त्याच्याच आरंभीच्या नमुन्याशी होईल, तक्त्याशी नंतर.

जागेपणी खाऊ चाटत रक्त दिलेल्या प्राण्यांचा हिमॅटोक्रिट शामकाखालच्यांपेक्षा वर आहे, गोठण्याच्या चाचण्या मात्र जवळजवळ त्याच पट्ट्यात आहेत. संख्या थोडी आहे, मर्यादा काढली नाही, आकडे तसेच मांडले. ३९ अंशांवरचा आर ३७ पेक्षा छोटा आहे, एमएमध्ये सांगण्यासारखा फरक नाही. हाही वेगळा तक्ता.

१० ऑगस्ट

अंतिम तक्ता सहीसाठी गेला. प्रत्येक रकान्याखाली काय लिहिले ते इथे ठेवते, कारण दुसऱ्यांच्या तक्त्यांत नेमके हेच शोधावे लागले होते: वंश, वजन, लिंग, किती दिवसांची सवय, शामकाची नावे, शीर कुठली, सुई कितीची, टाकून दिलेले रक्त, सायट्रेटची तीव्रता, नमुना ते चाचणी वेळ, तापमान, रिएजंट आणि लॉट, ताजा की गोठवलेला प्लाझ्मा.

वेळ कुठे गेला याचा हिशेब केला तर रक्त काढून चाचणी लावण्यात फार थोडा गेला. सवय लावणे, बाद गट पुन्हा घेणे आणि लॉटचे पुनर्मापन यांत बहुतेक गेला. खर्चात टेगचे कप आघाडीवर, त्याखालोखाल ए.पी.टी.टी. रिएजंट.

हे आकडे ३५ ते ४५ किलोच्या वाढत्या प्राण्यांचे आहेत. छोट्या पिलांना किंवा मिनिपिगना लावू नयेत. त्याच वजनाचा, पण दुसऱ्या कळपातला किंवा दुसऱ्या यंत्रावरचा संच असेल तर पुन्हा ४० प्राण्यांपासून सुरुवात करण्याची गरज नाही. २० निरोगी प्राणी याच पद्धतीने घ्यावेत. त्यांतले दोनपर्यंत आमच्या मर्यादेबाहेर गेले तर मर्यादा वापरता येते. तीन-चार गेले तर आणखी २० घेऊन पुन्हा पाहावे. पाच किंवा जास्त गेले तर स्वतःची मर्यादा काढावी. पुढच्या कळपावर आम्हीही पहिल्यांदा हेच करणार आहोत, त्यांची सवय लावणे सोमवारपासून सुरू.